एकाच आलिशान ब्रँडच्या तीन गाड्यांनंतर मन उडाले आहे. चौथी घ्यावी का?

शिवाजी पार्ककर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात २००९ पासून एकाच जर्मन कंपनीच्या गाड्या आहेत. कंपनी म्युनिकची, श्टुटगार्टची की इंगोलश्टाटची, म्हणजे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज की ऑडी, हे कृपया विचारू नये. कोणाची बदनामी करण्याचा हेतू नाही आणि दुखणे एका नावापुरते आहे असे मला वाटतही नाही. पहिली सेडान घेतली तेव्हा कारखान्याचे कर्ज नुकतेच फिटले होते आणि त्या पैशांत आणखी थोडी भर घालून बोरिवलीला छोटा फ्लॅट घ्यावा, असे घरातल्या सर्वांचे मत होते. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि डॅशबोर्डवर मोजकी बटणे एवढाच त्या गाडीचा थाट होता. परंतु खंडाळ्याच्या घाटात पावसाळी वळणावर पुढचे चाक किंचित सुटू लागले, तर ते आधी तळहाताला कळायचे आणि मग डोळ्यांना. ती गाडी मी कधी ड्रायव्हरच्या हाती दिली नाही.

२०१५ मध्ये ती बदलून त्याच कंपनीची डिझेल सेडान घेतली, जी आता सौ. वापरतात, आणि २०२२ मध्ये पेट्रोल एसयूव्ही आली. दुसऱ्या कंपनीची गाडी निदान चालवून तरी पाहावी, हा विचार त्या दोन्ही वेळी मनाला शिवलासुद्धा नाही. आता मात्र शोरूममधून फोन आला की मी तो उचलत नाही.

तक्रारी एकेकट्या सांगितल्या तर त्या खात्यापित्या घरातल्या कुरबुरी वाटतील, याची मला जाणीव आहे. नवी गाडी आधीच्या दोन्हींपेक्षा वेगवान आणि शांत आहे, पण स्टिअरिंग हातात असूनही पुढच्या चाकांखाली काय चालले आहे याची कसलीच खबर लागत नाही. एसीचा झोत कमी करायचा तर पडद्यावर दोनदा बोट लावावे लागते आणि तेवढ्यात पुढची टॅक्सी थांबलेली असते. डिकीत स्टेपनी मुळातच दिलेली नाही, कारण टायर रन-फ्लॅट आहेत. असे टायर पंक्चर होऊनही काही अंतर धावतात हे खरे, परंतु मुंबईत टायर खिळ्याने जातो त्यापेक्षा अधिक वेळा खड्ड्याने जातो. गेल्या पावसाळ्यात जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळले आणि टायरच्या कडेला ठसठशीत फुगा आला. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो, आणि त्या मापाचा रन-फ्लॅट टायर मुंबईत शिल्लक नसल्यामुळे गाडी बरेच दिवस इमारतीखाली उभी राहिली.

मन खरे उडाले ते डिझेल गाडीच्या एका सांध्यामुळे. इंजिन थंड ठेवणारा कूलंट गळत होता म्हणून ती वर्कशॉपमध्ये नेली, तेव्हा सल्लागाराने काढलेला तुकडा ट्रेमध्ये आणून दाखवला. बोटाच्या पेराएवढा काळा प्लॅस्टिकचा सांधा होता, आणि मी त्याची कड चिमटीत दाबली तर ती बिस्किटासारखी चुरली. तो सांधा सुटा मिळत नाही, पाइपांची सबंध जुळणीच घ्यावी लागते, असे कळले आणि एस्टिमेट लाखाच्या घरात गेले. त्यात ‘कन्झ्युमेबल्स’ या नावाखाली आणखी एक रक्कम होती, जिचा तपशील कोणालाच देता आला नाही. ज्याला मी हे विचारत होतो तो सल्लागार त्या शाखेत नुकताच रुजू झाला होता. त्याच्या आधीचा आणि त्याच्याही आधीचा, असे दोघेही दुसऱ्या ब्रँडकडे गेल्याचे समजले. त्याच आठवड्यात शोरूममधून फोन आला की आपण आमचे जुने ग्राहक असल्यामुळे चौथ्या गाडीवर आपल्याला खास ‘लॉयल्टी बोनस’ आहे.

माझा प्रश्न असा आहे की हा माझ्या वयाचा परिणाम आहे, मुंबईच्या रस्त्यांचा आहे, की या गाड्या बनवणाऱ्यांचेच काही बदलले आहे? ज्यांनी अशा लाडक्या ब्रँडची साथ सोडली त्यांनी पुढे काय केले, आणि त्यांना चुकल्याचुकल्यासारखे वाटते का, हेही कळले तर बरे होईल. एसयूव्हीची वाढीव वॉरंटी संपत आली आहे, त्यामुळे निर्णय फार लांबवता येणार नाही.

वळणवेडा

आपल्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. वर्कशॉपच्या दुखण्यावर इथले जाणकार बोलतीलच; मी स्टिअरिंगबद्दल लिहितो, कारण वाहन अभियांत्रिकीत उभा जन्म गेला आहे.

हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा तेलाचा पंप असतो. तुम्ही चाक वळवा किंवा सरळ रेषेत चाला, तो पंप सतत फिरत राहतो आणि थोडे का होईना इंधन खात राहतो. विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग वळवण्यापुरतीच वीज घेते. युरोपीय संघाने कंपन्यांच्या नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर आधी २०१५ साठी किलोमीटरला १३० ग्रॅम आणि मग २०२१ पर्यंत ९५ ग्रॅम अशी लक्ष्ये ठरवली आणि ती चुकल्यास दर ग्रॅममागे दंड ठेवला. त्या हिशेबात एकेक ग्रॅम मोलाचा झाला, आणि तेलाचा पंप गेला. २०११ मध्ये पोर्शेने ९११ च्या नव्या पिढीला विजेचे स्टिअरिंग दिले, तेव्हा चाहत्यांनी आकाशपाताळ एक केले होते. पाठोपाठ बीएमडब्ल्यूच्या ३ सीरिजमध्येही तोच बदल आला. शिवाय गाडीने आपणहून पार्किंग करावे, मार्गिका सोडू लागल्यास चाक हलकेच परत वळवावे, या आजच्या अपेक्षा मोटरशिवाय पुऱ्या करणे अवघड आहे.

त्यात वजनाची भर पडली. बॅटऱ्या, सुरक्षेचे सांगाडे, आवाज अडवणारे थर आणि दुहेरी काचा यांमुळे मोठी एसयूव्ही सहज दोन टनांच्या पुढे जाते. एवढ्या वजनाला वळणावर सावरण्यासाठी रुंद आणि कमी उंचीच्या कडेचे टायर लागतात, आणि अशा टायरची कड खड्ड्याच्या काठाला आदळल्यावर मधे उशी म्हणून हवा फार थोडी उरते. तुमचा फुगा तिथूनच आला.

याचा अर्थ असा की स्टिअरिंगसाठी ब्रँड सोडत असाल, तर सोडून जाणार कोठे? ज्या गाडीवर तुमचा जीव जडला होता, तशी नवी गाडी आज जवळपास कोणीच बनवत नाही. हे निराश करण्यासाठी लिहीत नाही; निदान तेवढ्या कारणासाठी शोरूमांचे उंबरे झिजवण्यात वेळ जाऊ नये, म्हणून लिहितो.

काही गोष्टी मात्र दंडाच्या हिशेबात बसत नाहीत, आणि तिथे चाहत्यांचा राग मला रास्त वाटतो. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करण्याच्या सोयीसाठी महिन्याकाठी पैसे आकारून पाहिले. तारा आणि यंत्रणा गाडीत आधीच बसवलेल्या होत्या, फक्त कुलूप संगणकाचे होते; ओरड झाल्यावर २०२३ मध्ये कंपनीने तो नाद सोडला. (मुंबईत गरम सीटचे पैसे कोण भरणार, हा भाग वेगळा.) मर्सिडीजने सी-६३ एएमजी या गाडीतले चार लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन काढून तिथे दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि विजेची मोटर बसवली. ताकद ६८० अश्वशक्तीपर्यंत गेली, म्हणजे कागदावर गाडी सरसच ठरली, पण ज्या आवाजासाठी लोक ती घेत असत तोच नाहीसा झाला. जॅग्वारने तर २०२४ च्या अखेरीस जुने रूपच टाकून देऊन फक्त विजेच्या, कितीतरी महाग गाड्यांकडे जाण्याचे ठरवले. जुन्या ग्राहकाने आपल्यासोबत यावे की नाही, याची कंपनीलाच फारशी फिकीर उरलेली नाही, असे त्या वेळी अनेकांना वाटले.

बटणांचे म्हणाल तर वारे उलटे वाहू लागले आहे. युरो एनकॅप या सुरक्षा चाचणी संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा मोजक्या गोष्टींना खरीखुरी बटणे किंवा दांड्या असल्याशिवाय पूर्ण गुण न देण्याचे ठरवले आहे. एसी त्या यादीत नाही, त्यामुळे तुमची टॅक्सी थांबलेलीच राहणार.

घोडबंदर रोड

काका, आम्ही साथ सोडली, म्हणून लिहिते. आमची आधीची गाडी बीएस-६ प्रदूषण निकषांची डिझेल होती, तीही अशाच एका बड्या जर्मन ब्रँडची. घोडबंदर रोडच्या रोजच्या कोंडीत तिच्या धुराच्या गाळणीत काजळी साचायची आणि दिवा लागायचा. वर्कशॉपचे उत्तर ठरलेले असे, की गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास पळवून आणा म्हणजे काजळी जळून जाईल. म्हणजे आठवडाभर ऑफिसला जाऊन दमल्यावर रविवारी मी गाडीला फिरवायला नाशिक रस्त्यावर पडघ्याच्या टोलनाक्यापर्यंत न्यायचे आणि परत यायचे. घरी पाळीव प्राणी नाही, ती हौस अशी फिटली.

आता जपानी हायब्रिड आहे. कोंडीत ती बऱ्याचदा इंजिन बंद ठेवून बॅटरीवर सरकते. चालवताना अंगावर काटा वगैरे येत नाही आणि सासरच्या मंडळींना दाखवण्यासारखेही त्यात काही नाही. सर्व्हिसला सकाळी दिली की संध्याकाळी मिळते, आणि बिल बघण्याआधी मी हल्ली बसून घेत नाही. चुकल्यासारखे वाटते का, असे आपण विचारलेत. अटल सेतूवर रिकामा रस्ता मिळाला की वाटते, पण तिथेही वेगाची मर्यादा शंभरचीच आहे.

पाना पक्कड

मी बरीच वर्षे एका अधिकृत वर्कशॉपमध्ये होतो आणि आता कालिन्यात माझे स्वतःचे गॅरेज आहे, जिथे वॉरंटी संपलेल्या जर्मन गाड्याच येतात. त्यामुळे माझे पोट या रागावरच चालते, हे आधी कबूल करतो आणि मग लिहितो.

पहिली गोष्ट अशी की मुंबईच्या गाडीचे वय किलोमीटरमध्ये मोजू नका. समजा, आपली गाडी तासाला सरासरी वीस किलोमीटरने चालते, आणि दादर ते अंधेरी जाणाऱ्यांना हा आकडासुद्धा उदार वाटेल. म्हणजे साठ हजार किलोमीटर होईपर्यंत इंजिन तीन हजार तास चाललेले असते. तीच गाडी जर्मनीत सरासरी साठने चालली, तर तेवढ्याच अंतराला एक हजार तास होतात. मीटरवरचा आकडा एकच, पण आपल्या इंजिनाने तिप्पट उष्णता सोसलेली असते, तीही बॉनेटखाली वारा खेळत नसताना. कूलंटचे पाइप, सांधे, थर्मोस्टॅटचे घर, पाण्याची टाकी हे सगळे आता प्लॅस्टिकचे असते. वजन आणि खर्च वाचतो, शिवाय कारखान्यात जोडणे सोपे जाते. उष्णतेने ते प्लॅस्टिक आतून कोरडे पडत जाते आणि एके दिवशी हात लावताच तुटते. शिवाजी पार्ककरांनी चिमटीत दाबून पाहिला तो सांधा कोणाच्या हलगर्जीने तुटलेला नव्हता, त्याचे आयुष्यच तेवढे होते. रागवायचेच असेल तर तो सुटा न विकण्याच्या धोरणावर रागवा.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सच्या तेलाची. बीएमडब्ल्यू, जॅग्वार, लँड रोव्हर, ऑडी अशा अनेकांच्या गाड्यांत झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. बरेच ब्रँड ग्राहकाला सांगतात की त्यातले तेल आयुष्यभराचे आहे, बदलण्याची गरज नाही. खुद्द झेडएफचा सल्ला मात्र वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांच्या सुमारास ते बदलावे असा आहे. मग ‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचे आयुष्य? वर्कशॉपमध्ये असताना मला जे समजले ते असे की पहिल्या मालकाच्या ताब्यात गाडी असेपर्यंतचे. तेलाचा खर्च नसला की देखभालीचा तक्ता कागदावर स्वस्त दिसतो आणि गाडी विकायला सोपी जाते. गिअर अडखळू लागतात तोवर गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे गेलेली असते.

तिसरी गोष्ट संगणकाची. आज साधी बॅटरी बदलली तरी अनेक गाड्यांत ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहते. काही सुटे भाग चेसिस क्रमांकाशी बांधलेले असतात आणि कंपनीच्या सर्व्हरने होकार दिल्याशिवाय ते काम करत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो नेमका याच कारणासाठी, की सुटे भाग आणि तपासणीची साधने त्या बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. पुढे अपिले झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही काढले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बंपर, आरसे, दिवे जुन्यात मिळतात, पण संगणकाचे कुलूप तिथे उघडत नाही.

टायरबाबत सरळ उपाय आहे. आपल्या मॉडेलसाठी कंपनीनेच मान्य केलेल्या मापांत एखादे लहान चाक बसते का ते पाहा, त्यावर उंच कडेचे साधे टायर घाला आणि डिकीत एक बारीक स्टेपनी टाका. डिकीतली थोडी जागा जाईल, पण पावसाळा सुखाने जाईल. मान्य यादीबाहेरचे माप मात्र बसवू नका, पुढे विम्यात आणि वॉरंटीत वाद होतात.

ताडदेव

इतका वेळ एकच बाजू ऐकली, म्हणून थोडी दुसरी मांडतो. मी याच तीन जर्मन नावांपैकी एकाचा पुष्कळ वर्षांचा ग्राहक आहे आणि समाधानी आहे. माझ्या मते आपण सर्वजण विक्रेत्याच्या चुका ब्रँडच्या माथी मारत आहात. सल्लागार टिकत नाहीत हा डीलरशिपचा प्रश्न आहे, आणि मुंबईत एकाच ब्रँडच्या दोन डीलरांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. गाड्या आधीपेक्षा सुरक्षित झाल्या आहेत, ब्रेक चांगले झाले आहेत, आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या आठवणी काढणाऱ्यांपैकी कितीजण घाटात जातात आणि कितीजण वरळी ते बीकेसी जातात, हेही एकदा तपासावे.

माझी पद्धत सोपी आहे. मी गाडी हमी दिलेल्या पुनर्खरेदीच्या योजनेत घेतो. तीन वर्षे हप्ते भरतो, आणि मुदत संपली की ठरलेल्या किमतीला गाडी परत करून त्याच ब्रँडची नवी उचलतो. वॉरंटीबाहेरचे बिल मी आयुष्यात पाहिलेले नाही. आता करही उतरला आहे. आधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर असा पन्नास टक्क्यांचा बोजा होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ४० टक्के झाला. अशा वेळी साथ सोडण्यात शहाणपण नाही. बोनस घ्या आणि चौथी गाडी उचला.

पाना पक्कड

ताडदेव साहेब, आपला हिशेब आपल्यापुरता चोख आहे आणि त्यात मी एक रुपयाही इकडचा तिकडे करणार नाही. पण शिवाजी पार्ककरांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच प्रतिसादात आहे. आपण तीन वर्षांनी गाडी परत करता आणि कंपनीच्या नोंदीत आपण निष्ठावान ग्राहक ठरता. ते डिझेल सेडान दहा वर्षांहून जास्त सांभाळतात, तिचे प्रत्येक बिल भरतात, आणि त्यांच्या वाट्याला सांध्यासाठी लाखाचे एस्टिमेट येते. सगळी व्यवस्था गाडी बदलणाऱ्यासाठी रचलेली आहे, गाडी टिकवणाऱ्यासाठी तिच्यात जागाच ठेवलेली नाही. हप्ते, पुनर्खरेदी, बोनस, तीन वर्षे फुकट आणि नंतर पैसे भरून चालू ठेवायची मोबाइल अॅपची सेवा, गिअरबॉक्सचे तेल, सगळ्याचा रोख तोच आहे. माझ्याकडे येणारी माणसे ब्रँडवर नाराज असतात, पण त्यांच्यापैकी बहुतेकांना स्वतःची गाडी अजून आवडते. नसती आवडत तर ती माझ्यापर्यंत आलीच नसती, केव्हाच विकली गेली असती.

कर उतरल्याचा आनंद नव्या गाडीच्या ग्राहकाला. २०२२ मध्ये पन्नास टक्के भरून घेतलेल्या गाडीची जुन्या बाजारातली किंमत त्याच दिवशी खाली आली, तेही लक्षात असू द्या.

सर्व्हेअर, विलेपार्ले

विमा पाहणीच्या धंद्यातून दोन गोष्टी जोडतो, कारण हा राग साधारण सहाव्या वर्षी का उफाळतो, याचे एक कारण आमच्या टेबलावर आहे.

मोटार विम्यात रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांच्या दाव्यावर पन्नास टक्के घसारा कापला जातो. ‘झिरो डेप’ घेतलेले असेल तर तो कापला जात नाही, परंतु अनेक विमा कंपन्या गाडी पाच वर्षांची झाली की ती सोय देत नाहीत. आजच्या आलिशान गाडीचा पुढचा भाग जवळपास सगळा प्लॅस्टिकचा असतो आणि त्यात रडार, कॅमेरे आणि लाखांच्या किमतीचे दिवे बसवलेले असतात. म्हणजे वॉरंटी संपते, झिरो डेप संपते आणि जुन्या बाजारातली किंमत घसरते, हे तिन्ही थोड्याथोडक्या अंतराने एकामागोमाग येते. सहाव्या वर्षी रिक्षाचा हलका धक्का लागला तरी मालकाच्या खिशातून जाणारी रक्कम पाहून माणसे आमच्यासमोर ब्रँडला शिव्या देतात. पॉलिसी घेताना टायर आणि इंजिन यांची वेगळी जोडकलमे तपासून घ्या. पाणी शिरून इंजिन बसले तर साध्या पॉलिसीत ते नाकारले जाऊ शकते. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडल्यावर स्टार्टर मारू नये, हे २६ जुलै २००५ च्या पुरापासून सांगत आलो आहोत, तरी दर पावसाळ्यात कोणीतरी मारतोच.

गाडी कारखान्याच्या नावावर असल्यास एक दिलासा आहे. कंपनीने संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी केवळ तेवढ्यावरून ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. मात्र जुन्या गाडीचा झिजलेला सांधा हा दोष ठरवणे कठीण जाईल. ‘कन्झ्युमेबल्स’चा तपशील मात्र लेखी मागा, लेखी मागितल्यावर तो आकडा कमी झालेला मी अनेकदा पाहिला आहे.

शिवाजी पार्ककर

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवले. घोडबंदर ताईंच्या पडघ्याच्या फेऱ्या ऐकून सौ. हसल्या, आणि ताडदेव साहेबांच्या वरळी ते बीकेसी या टोमण्यावर माझ्याकडे पाहून जरा जास्तच हसल्या.

वळणवेडा यांनी शोरूम पालथी घालण्याचे माझे कष्ट वाचवले, कारण मी खरोखरच त्या एका गोष्टीसाठी दुसरे ब्रँड पाहायला निघालो होतो. पाना पक्कड यांनी गाडी बदलणारा आणि टिकवणारा असा जो फरक दाखवला, तो वाचल्यावर मला माझा राग नीट कळला. तीन वर्षांनी गाडी परत करण्याची पद्धत मला पटत नाही असे नाही, पण ती माझ्या स्वभावात नाही. आमच्याकडे मिक्सरसुद्धा वाइंडिंग करून वापरतात.

तूर्त असे ठरवले आहे. लॉयल्टी बोनस नाकारतो आणि चौथी गाडी त्या ब्रँडची घेत नाही. एसयूव्ही वाढीव वॉरंटी संपण्याआधीच विकायची, कारण नंतर तिची किंमत आणि माझी झोप दोन्ही उतरतील. शहरातल्या रोजच्या वापरासाठी हायब्रिड चालवून पाहतो. ताईंना मॉडेलविषयी निरोपातून विचारीन. डिझेल सेडान मात्र विकायची नाही, कारण सौ. ती सोडायला तयार नाहीत आणि खरे म्हणजे मीही नाही. तिने अजून लाख किलोमीटरचा टप्पा गाठलेला नाही, पण तासांच्या हिशेबाने ती कुठवर पोचली असेल याचा विचार आता करवत नाही. तिच्या गिअरबॉक्सचे तेल आजवर कधीच बदललेले नाही. पाना पक्कड साहेब, तेल, फिल्टर आणि बाकी राहिलेले प्लॅस्टिकचे सांधे एकदमच बदलून घ्यायचे झाल्यास गाडी किती दिवस ठेवावी लागेल, ते कळवावे, म्हणजे त्या बेताने कालिन्याला आणून सोडतो.